माहिती दाराशी आली, घरात केव्हा येणार?



गावात दवंडी पिटली जात असे, तो काळ फार जुना नाही. थाप ऐकू आली की माणसे हातातले काम बाजूला ठेवून उंबऱ्यावर येत. देवी टोचण्याची मोहीम असो की शेतसारा भरण्याची अखेरची तारीख असो, ती वार्ता एकाच वेळी सर्वांच्या कानी पडे. दवंडीत उणिवा पुष्कळ होत्या. परंतु तिच्या अंगी एक मोठा गुण होता. ती ऐकण्यासाठी अक्षरओळख लागत नसे, पैसे मोजावे लागत नसत आणि कोणाच्या ओसरीवर हात जोडून उभे राहावे लागत नसे.

आज दवंडीची जागा संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. दवंडीवाल्याला वर्षभरात जेवढे सांगता आले नसते, त्याच्या शतपट माहिती हा पडदा एका घटकेत समोर ठेवतो. जमिनीचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, धरणातील पाणीसाठा, शिष्यवृत्तीचा अर्ज, शालेय पुस्तक आणि विश्वकोशातील नोंद हे सारे आता एकाच ठिकाणी सापडते. ही प्रगती निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्यापुढचा. जी माहिती पडद्यावर आली, ती सेलूच्या, मानवतच्या, पालमच्या किंवा सोनपेठच्या सामान्य नागरिकाच्या हाती पडली, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा परभणी जिल्ह्याच्या अनुषंगाने विचार करणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

उर्दू दफ्तर आणि अर्जनवीस

परभणी जिल्ह्याला या प्रश्नाचा एक जुना अनुभव आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. येथील बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी, परंतु राज्यकारभाराचे दफ्तर उर्दूत होते. शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद होती. ती त्याला वाचता येत नव्हती. कचेरीचा हुकूम होता. त्याचा अर्थ त्याला दुसऱ्याने सांगावा लागे. त्यामुळे कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाला महत्त्व आले. तो अर्ज लिहून देई, आलेले उत्तर वाचून दाखवी आणि पुढे काय करायचे तेही सांगे. अर्जनवीस भला असेल तर काम होई. नसेल तर माणूस त्याच्या मर्जीवर राही. नोंद असणे आणि नोंद हाती असणे यांत केवढे अंतर असते, हे मराठवाड्याने पिढ्यान् पिढ्या सोसले आहे.

त्या काळात हे अंतर कमी करण्याचे काम वाचनालयांनी केले. सभा भरवण्यावर निर्बंध असताना वाचनालयातील बाकावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि ज्याला वाचता येत नसे, तोही जगाची वार्ता घेऊन घरी जाई. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाली आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा म्हणून स्थान दिले. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणीच्या आकाशवाणी केंद्राने शेतकऱ्यांच्या घरात बियाण्याची, खताची आणि पावसाची चर्चा नेली. चावडी, वाचनालय, आकाशवाणी आणि आता पडदा, असा हा प्रवास आहे. या प्रवासातील नवा टप्पा मागील टप्प्यांना शोभेल असा ठरतो की अर्जनविसाला केवळ नवे यंत्र मिळवून देतो, हे पाहिले पाहिजे.

उताऱ्यासाठी हेलपाटे नकोत

प्रथम उपलब्ध काय आहे, ते पाहू जाता जमिनीचा उतारा अग्रस्थानी येतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा होय. पहिल्यात हक्काची नोंद असते, दुसऱ्यात पिकांची. एके काळी हा कागद मिळवण्यासाठी तलाठ्याच्या सज्जाला दोन-तीन हेलपाटे घालावे लागत. आता ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर उतारा विनाशुल्क पाहता येतो, आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १५ रुपये शुल्क भरून काढता येतो. या दोहोंतील फरक मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. विनाशुल्क दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी आहे. बँकेत किंवा न्यायालयात चालतो तो स्वाक्षरीचा उतारा. हा एक बारकावा माहीत नसल्याने माणूस बँकेच्या खिडकीवरून परत फिरतो आणि दोष यंत्रणेला देतो.

नमुना बारामध्येही मोठा बदल झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि आपल्या शेतातील पीक मोबाईलवर छायाचित्रासह नोंदवण्याचा अधिकार शेतकऱ्यालाच मिळाला. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. हमीभावाने खरेदीसाठी नाव नोंदवताना सातबारावर पिकाची नोंद पाहिली जाते. ठरलेल्या मुदतीत नोंद झाली नाही, तर शेतात सोयाबीन उभे असूनही कागदावर ते नसते. बांधावर उभे राहून पाच मिनिटांत होणारे हे काम एखाद्याच्या वर्षभराच्या कमाईवर परिणाम करू शकते.

पाऊस, पेरणी आणि बाजार

परभणी जिल्ह्याची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी करावी आणि नंतर पावसाने ओढ द्यावी, हा दुबार पेरणीचा कटू अनुभव येथील शेतकऱ्याने वारंवार घेतला आहे. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. परंतु किती पाऊस झाला, हे अंगणातल्या चिखलावरून कळत नाही. त्यासाठी मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा लागतो. तो आता प्रसिद्ध होतो. २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून भारत हवामानशास्त्र विभागाच्या सहकार्याने दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला दिला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन जवळपास वीज पडण्याची शक्यता असल्यास सावध करते. मराठवाड्यात दर उन्हाळ्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात झाडाखाली आसरा घेतलेली माणसे व जनावरे विजेने दगावतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या सूचनेचे मोल कळते.

गोदाकाठच्या गावांना आणखी एका माहितीची निकड असते. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांतून वाहते. वरच्या अंगाला जायकवाडी आणि माजलगाव ही मोठी धरणे आहेत. तेथून किती पाणी सोडले, हे पाटबंधारे खात्याकडून जाहीर होते. ही वार्ता काही तास आधी मिळाली तर मोटार, पाइप आणि गुरे नदीकाठावरून हलवता येतात. उशिरा मिळाली तर ती केवळ झालेल्या नुकसानीचे कारण सांगते.

बाजाराचेही तसेच. राज्य कृषी पणन मंडळ राज्यातील बाजार समित्यांमधील आवक, तसेच किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज प्रसिद्ध करते. परभणी, मानवत, सेलू, जिंतूर आणि गंगाखेड या बाजारांचे दर शेतकरी घरबसल्या ताडून पाहू शकतो. परंतु आकडा दिसला म्हणजे भाव कळला असे नव्हे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. हा भाव ठरावीक प्रतीच्या मालासाठी असतो आणि त्या प्रतीत ओलाव्याचे प्रमाण साधारणतः १२ टक्क्यांपर्यंत धरले जाते. पावसात भिजलेला माल घेऊन जाणाऱ्याला केवळ ५,३२८ हा आकडा ठाऊक असेल, तर त्याची निराशा अटळ आहे. आकड्याबरोबर त्याची अटही सांगितली, तरच ती पूर्ण माहिती होय.

बहात्तर तासांची गोष्ट

माहिती वेळेत मिळणे किती महत्त्वाचे असते, याचे ठळक उदाहरण पीक विम्याचे आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. २०२३ पासून राज्यातील शेतकऱ्यांना अवघ्या एक रुपयात या योजनेत सहभागी होता येऊ लागले. त्या वेळच्या तरतुदींनुसार शेतात पाणी साचून किंवा गारपिटीने नुकसान झाल्यास बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला कळवणे आवश्यक होते.

१ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि परभणी जिल्ह्याला तिचा मोठा तडाखा बसला. अशा वेळी पूर्णा तालुक्यातील एखाद्या अल्पभूधारकाची अवस्था डोळ्यांसमोर आणावी. ओढ्याला पूर आहे, रस्ता बंद आहे, घरात पाणी शिरले आहे. पहिला दिवस गुरे वाचवण्यात जातो. दुसरा दिवस शेतापर्यंत पोहोचण्यात जातो. तिसऱ्या दिवशी कोणी सांगते की नुकसान कळवावे लागते. कोठे कळवायचे, कशावर कळवायचे, विम्याची पावती कोठे आहे, हे विचारेपर्यंत बहात्तर तास संपतात. त्याने विमा उतरवलेला असतो, पीक बुडालेले असते, नियमही छापलेला असतो. फक्त नियम त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

गोष्ट येथे संपत नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाची सवलत बंद झाली. शेतकऱ्याने खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा, अशी पद्धत पुन्हा आली. त्या हंगामात नुकसानीची वैयक्तिक पूर्वसूचना देण्याऐवजी पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. म्हणजे ज्याने मोठ्या कष्टाने बहात्तर तासांचा नियम पाठ केला होता, त्याला तो विसरून नवा नियम शिकावा लागला. नियम बदलणे हा शासनव्यवहाराचा भाग आहे. परंतु कालचे ज्ञान आज उपयोगी पडत नाही, हेही कोणीतरी सांगावे लागते. संकेतस्थळावर नवा शासन निर्णय चढतो, त्याच क्षणी तो शेतकऱ्याच्या मनात उतरत नाही.

आजोबांच्या नावाचा शोध

लोक पडद्याकडे पाठ फिरवतात, असा काहींचा समज आहे. तो खरा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील जुन्या दफ्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली अभिलेख, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळांची प्रवेश रजिस्टरे तपासण्यात आली. त्यांतील अनेक कागद मोडी लिपीत आणि उर्दू भाषेत होते. सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या.

त्या दिवसांत ज्यांनी पूर्वी कधी सरकारी संकेतस्थळ उघडले नव्हते, असे लोक मुलांच्या, भाच्यांच्या, शेजाऱ्यांच्या मदतीने गावाचे नाव शोधू लागले आणि त्या गावात पणजोबांचे नाव शोधू लागले. आरक्षणाविषयी मतमतांतरे असोत. या घटनेतून माहितीच्या दृष्टीने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली ही की माहिती जीवनाशी निगडित असेल, तर माणूस पडद्याला बिचकत नाही. दुसरी ही की कागद पडद्यावर आल्यानेही काम संपत नाही. मोडी लिपी वाचणारा माणूस नसेल, तर शंभर वर्षांपूर्वीचे पान समोर असूनही मुकेच राहते. उर्दू दफ्तरासमोर उभ्या असलेल्या आजोबांचा जो प्रश्न होता, तोच नातवाच्या वाट्याला आला. फरक एवढाच की दफ्तर आता हातात मावते.

नवा अर्जनवीस

शासनाने ही अडचण ओळखून ठिकठिकाणी सेवा केंद्रे उघडली आहेत. ‘आपले सरकार सेवा केंद्र’ ही पाटी आता लहानशा बाजारगावातही दिसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विम्याचा अर्ज ही कामे तेथे होतात. केंद्रचालक हा बहुधा त्याच गावचा सुशिक्षित तरुण असतो. वीज नसताना, जोडणी तुटलेली असताना, दारात रांग लागलेली असताना तो काम करतो. त्याच्या श्रमाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल.

तथापि, एक धोका लक्षात ठेवला पाहिजे. ज्याच्याजवळ मोबाईल नाही किंवा ज्याला तो वापरता येत नाही, त्याच्या अर्जावर पुष्कळदा दुसऱ्याचाच क्रमांक लिहिला जातो. अर्ज मंजूर झाला, त्रुटी निघाली, कागद पुन्हा मागवला, हे सारे निरोप मग त्या दुसऱ्याच्या मोबाईलवर जातात. संजय गांधी निराधार योजनेची एखादी वृद्ध लाभार्थी बँकेत जाऊन ‘पैसे आले का’ असे महिनोन्महिने विचारत राहते आणि आधार जोडणीची त्रुटी सांगणारा निरोप भलत्याच ठिकाणी पडून असतो. जुना अर्जनवीस निदान कागद हातात देत असे. नव्या व्यवस्थेत कागदच दिसत नाही.

याचबरोबर फसवणुकीचाही विचार करावा लागतो. पीएम किसान योजनेच्या नावाने बनावट फायली मोबाईलवर पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘गव्ह डॉट इन’ या अक्षरांनी संपतो. कोणतेही शासकीय कार्यालय दूरध्वनीवरून गुप्त क्रमांक विचारत नाही. आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. या तीन गोष्टी प्रत्येक घरात माहीत झाल्या, तरी पुष्कळ हानी टळेल.

हक्क आहे, याचना नव्हे

नागरिकाने हे सारे कोणाच्या मेहरबानीवर मिळवायचे नाही. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार अधिनियम संपूर्णपणे अमलात आला. दहा रुपये शुल्क भरून माहिती मागता येते, हे त्याचे एक अंग आता सर्वपरिचित झाले आहे. परंतु त्या अधिनियमाचे चौथे कलम अधिक मोलाचे आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कामे, निर्णय, नियम आणि लाभार्थ्यांचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावा आणि तो स्थानिक भाषेचा विचार करून, लोकांना सहज मिळेल अशा रीतीने करावा, असे ते सांगते. सूचनाफलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा ही साधनेही तेथे अभिप्रेत आहेत. म्हणजे कायद्यानेसुद्धा दवंडी रद्द केलेली नाही.

त्याच्या जोडीला महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, ती कोणी द्यायची आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचे, हे त्यानुसार जाहीर करावे लागते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाची पोच घेणे, तीवरील क्रमांक जपून ठेवणे आणि मुदत उलटल्यावर अपील करणे, एवढे जरी नागरिकाने केले, तरी हा कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो.

वारणेचा धडा

या बाबतीत राज्याच्या दक्षिणेकडील एका प्रयोगाची आठवण उपयुक्त ठरेल. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. शेतीविषयक ज्ञानापासून बाजारभावापर्यंत सारे काही गावात मिळावे, ही तिच्यामागची भव्य कल्पना होती. काही वर्षांनी असे दिसून आले की शेतकरी त्या केंद्रात मुख्यतः आपल्याच ऊसाचे वजन, खताची उचल आणि बिलाची रक्कम पाहण्यासाठी येत होते. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईल संदेशावर हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो कमी खर्चात जमला.

यावरून संगणक निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. निष्कर्ष निघतो तो असा की माणसाला काय हवे, हे आधी विचारावे आणि साधन मागाहून निवडावे. ज्याला एका ओळीचे उत्तर हवे, त्याच्यापुढे शंभर पाने उघडणे ही त्याची सेवा नव्हे.

वाचनालयाने हे करावे

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लक्ष ३६ हजार होती आणि तिच्यापैकी सुमारे ३१ टक्के लोक नागरी भागात राहत होते. जिल्ह्याची नऊही तालुक्यांची ठिकाणे भोवतालच्या खेड्यांची बाजारपेठ, शाळा, दवाखाना आणि कचेरी आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी साऱ्या तालुक्याची पावले तेथे वळतात. म्हणून माहितीची पाणपोई घालायची, तर ती येथेच घातली पाहिजे. त्यासाठी नवी इमारत नको. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे मान्यता व अनुदान मिळालेली वाचनालये गावोगाव आहेत. त्यांच्या एका कोपऱ्यात हे काम सुरू करता येते.

एक संगणक, एक मुद्रणयंत्र आणि दर्शनी भागात एक मोठा काळा फळा, एवढे साहित्य पुरेसे आहे. रोज ठरलेल्या वेळी फळ्यावर पाच गोष्टी लिहाव्यात : जवळच्या बाजारांतील दर, हवामान विभागाचा अंदाज, नदीकाठासाठी धरणातील विसर्ग, जवळ आलेल्या अर्जांच्या अखेरच्या तारखा आणि बदललेला एखादा नियम. प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली आणि केव्हा घेतली, हे लिहावे. तारीख नसलेली माहिती आणि अफवा यांत फारसे अंतर राहत नाही.

बाजाराच्या दिवशी महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी तेथे दोन तास बसावे. अर्ज भरून देण्यापेक्षा अर्ज वाचून दाखवावा, अर्जदाराच्या स्वतःच्या किंवा घरातील माणसाच्या मोबाईलचाच क्रमांक लिहिला जाईल हे पाहावे आणि पोच छापून हातात द्यावी. कोणाचा गुप्त क्रमांक मागू नये, कोणाचा अंगठा घेऊ नये. आलेले प्रश्न एका वहीत टिपून ठेवावेत. महिन्याअखेर ती वही तहसील कार्यालयाकडे गेली, तर लोकांना कोणती माहिती मिळत नाही, हे कार्यालयाला आपोआप कळेल. चौथ्या कलमाचे पालन करण्यास याहून चांगला मार्गदर्शक सापडणार नाही.

याच कोपऱ्यात संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी दुसरे दालन उघडेल. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश आता पडद्यावर वाचता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक दुर्मीळ पुस्तके विनाशुल्क उपलब्ध आहेत. परभणी जिल्ह्याचा गॅझेटियरही पाहावयास मिळतो. त्यात आपल्या तालुक्याचा इतिहास, नद्या, पिके आणि जत्रा यांची माहिती आहे. २००३ पासून सुरू असलेल्या मराठी विकिपीडियात तर वाचकाला लेखकही होता येते. आपल्या गावातील बारव, जुने मंदिर, दर्गा किंवा स्वातंत्र्यसैनिकाचे स्मारक यांची साधार नोंद एखाद्या विद्यार्थ्याने तेथे केली, तर लहान गाव केवळ माहिती घेणारे राहणार नाही, माहिती देणारेही होईल.

दवंडीचा गुण, पडद्याचे बळ

रस्ता झाला म्हणजे गाव जोडले गेले असे होत नाही. त्या रस्त्यावरून एस. टी. धावावी लागते आणि ती गावाच्या थांब्यावर थांबावी लागते. माहितीचा मार्ग बांधून झाला आहे. त्यावर खर्च झाला आहे, बुद्धी खर्ची पडली आहे आणि त्याचे फळही दिसू लागले आहे. आता उरले आहे ते शेवटचे अंतर, पडद्यापासून माणसापर्यंतचे. ते तारेने किंवा लहरींनी भरून येणार नाही. ते भरून काढण्यासाठी फळ्यावर रोज खडूने लिहिणारा ग्रंथपाल हवा, वाचून दाखवणारा विद्यार्थी हवा, सोप्या मराठीत लिहिणारा अधिकारी हवा आणि पोच मागणारा नागरिकही हवा.

झाडाखालच्या अर्जनविसापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याची नात आज शाळेत शिकते आहे. आपल्या आजीचा अर्ज कोठे अडला, हे तिला स्वतः पाहता आले आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीलाही सांगता आले, तर माहिती दाराशी न थांबता घरात आली, असे म्हणता येईल.